कर्म, कम्म आणि काम



मागे एका वस्तीत दुःखाच्या प्रसंगी जाणे झाले. दीड वर्षाचे मूल जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेले होते. घर दीक्षा घेऊन तीन वर्षे झालेले. भिंतीवर तथागतांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. त्रिसरण-पंचशील झाले, मेणबत्ती लावली गेली, आणि मग बायका त्या आईभोवती बसल्या. त्यांच्यात एक वडीलधारी आजी होती. दीक्षेच्या वेळी आपल्या हाताने देव्हारा उचलून नदीत सोडणारी हीच आजी. ती आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगी बाई, उगी. कर्मापुढं कुणाचं चाललंय? मागचं काहीतरी राहिलं असंल, ते फेडून गेलं लेकरू."

कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. त्याच गल्लीत त्या आठवड्यात आणखी दोन मुले आजारी पडली होती. विहिरीच्या कडेला गटाराचे पाणी साचत होते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ठाऊक असून त्या एका शब्दाने सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागले.

परतीच्या वाटेवर मनात आले की आपण देव्हारा काढला, गंडे-दोरे तोडले, सत्यनारायण बंद केला. बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या. पण हा शब्द आपल्या घरातून गेला नाही. तो चुलीजवळ बसून आहे, पाळण्याजवळ बसून आहे, आणि मयताच्या दिवशी तर सर्वांत पुढे येऊन बसतो. तेव्हा हा पाहुणा कोण, कुठला, आणि देशोदेशी त्याने कोणकोणते वेष घेतले, याची एकदा नीट चौकशी केली पाहिजे.

आपल्या मराठीपासूनच सुरुवात करू. शाळेतल्या व्याकरणात कर्म म्हणजे कर्त्याची क्रिया ज्याच्यावर घडते ते. "मुलाने आंबा खाल्ला" या वाक्यात आंबा हे कर्म. भटजीच्या तोंडी कर्म म्हणजे विधी. त्यावरून कर्मकांड, कर्मठ, क्रियाकर्म हे शब्द आले. कचेरीत कर्मचारी म्हणजे पगारावर काम करणारा. आणि बोलीत? बोलीत कर्म म्हणजे नशीब, आणि तेही बहुतेक वेळा वाईटच. कर्म फुटते, कर्म ओढवते, माणूस कर्माला रडतो. कर्मकहाणी ही कधी आनंदाची नसते. कर्मदरिद्री माणूस कामाचा आळशी असला तरी दोष कर्माच्या माथी जातो. देव देतो आणि कर्म नेते, अशी म्हण आहे. म्हणजे देवाची चूक नाही, चूक ज्याचे गेले त्याचीच! आणि "कर्मधर्मसंयोगाने" म्हणजे काय, तर योगायोगाने, काही कारण नसताना. जो शब्द मुळात "करणे" या क्रियेपासून निघाला, तो असा उलटला की त्याचा अर्थ "ज्यात आपल्याला काही करता येत नाही ते" असा झाला. भाषेत असे उलटे फेरे अनेक शब्दांचे होतात, पण इतका महाग पडलेला दुसरा शब्द मला आठवत नाही.

मात्र त्याच मराठीत या शब्दाचा एक सख्खा भाऊ आहे, आणि तो अगदी वेगळ्या स्वभावाचा निघाला. तो म्हणजे "काम". सर्पाचे प्राकृतात सप्प झाले आणि मराठीत साप. कर्णाचे कण्ण आणि मग कान. चर्माचे चम्म आणि मग चाम, चामडे. सप्ताचे सत्त आणि मग सात. त्याच वाटेने कर्माचे कम्म झाले आणि कम्माचे काम. पंडितांनी संस्कृतातला शब्द पोथीतून जसाच्या तसा उचलून आणला, तो "कर्म" राहिला. लोकांनी तोंडातोंडी, पिढ्यान्‌पिढ्या वापरून जो घासला, तो "काम" झाला. पोथीतून आलेला भाऊ नशीब सांगत बसला. शेतातून आलेला भाऊ कुदळ-फावडे घेऊन निघाला. पालीतला "कम्म" हा रूपाने या दुसऱ्याच्या जवळचा आहे. मराठी ही पालीची लेक नव्हे, तिचे मूळ महाराष्ट्री प्राकृतात आहे; परंतु "कम्म" हे रूप दोन्हीकडे एकच होते.

इथे एका गोंधळाचा खुलासा करून टाकतो, कारण तो मला दोन-तीन ठिकाणी मुलांनी विचारला आहे. पंचशीलातल्या तिसऱ्या शीलात "कामेसु" असा शब्द येतो. एका चौथीतल्या मुलाने त्याचा अर्थ लावला की कामावर असताना गैरवर्तन करू नये, म्हणजे कामचुकारपणा करू नये! अर्थ चांगला आहे, आणि पाळला तर कोणाचे नुकसान नाही; पण तो बरोबर नाही. तिथला "काम" म्हणजे वासना, इच्छा. तो निराळ्या धातूपासून निघालेला, मुळातच वेगळा शब्द आहे. आपला "काम" कर्मापासून आला, तो "काम" पूर्वीपासून कामच होता. मराठीत दोघे एकाच रूपात भेटले, इतकेच. असाच दुसरा सारखेपणा हिंदी-उर्दू गाण्यांत ऐकू येतो. तिथे कोणी कोणाच्या "करम"ची याचना करतो, ती मेहरबानीची. तो करम अरबी आहे, करीम आणि अक्रम या नावांच्या कुळातला. त्याचा अर्थ औदार्य. आणि त्याच हिंदीत "करम फूटे" म्हटले की तो आपला कर्म. एक करम देणारा, दुसरा फुटणारा. कानाला दोन्ही सारखेच.

पण कम्माकडे परत येऊ. पालीत या शब्दाचे गोत केवढे मोठे आहे पाहा. लोहाराला म्हणत कम्मार. तथागतांना शेवटचे भोजन देणारा चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे लोहाराचा मुलगा. हाच शब्द बंगालीत "कामार" होऊन आजही लोहारालाच लागतो आणि तेलुगूत "कम्मरि" म्हणूनही लोहारच ओळखला जातो. मजुराला पालीत म्हणत कम्मकर. सिगालोवाद सुत्तात तथागत गृहस्थाची कर्तव्ये सांगतात, त्यात मालकाने दास-कम्मकरांशी कसे वागावे याचे पाच नियम आहेत: त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे, पोटाला आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, घरात काही विशेष पक्वान्न झाले तर त्यातला वाटा द्यावा, आणि वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी सुटीचा नियम! भिक्षुसंघातही "कम्म" होते. संघकम्म म्हणजे संघाने एकत्र बसून रीतसर केलेला ठराव. महत्त्वाच्या बाबतीत ठराव मांडून तीन वेळा विचारणा होई आणि कोणाचा विरोध नसेल तरच तो संमत होई. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध संघाच्या याच सभापद्धतीची देशाला आठवण करून दिली होती. या सगळ्या ठिकाणी कम्म म्हणजे माणसाने हाताने, तोंडाने, सभेत बसून केलेली गोष्ट. नशिबाचा वास कुठे नाही.

मग नशीब आले कोठून?

वेदकाळी कर्म म्हणजे मुख्यतः यज्ञकर्म. योग्य मंत्र, योग्य आहुती, योग्य दक्षिणा, की फळ मिळालेच. पुढे यज्ञाच्या फळाचा हिशेब आयुष्याच्या पलीकडे नेण्यात आला. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की ज्यांचे आचरण चांगले ते ब्राह्मण, क्षत्रिय वा वैश्य योनीत जन्मतात, आणि ज्यांचे आचरण घाणेरडे ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. क्रम बघावा: कुत्रा, डुक्कर, चांडाळ. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता जन्म येतो याच्या याद्याच दिल्या आहेत. गीतेत चार वर्ण गुण आणि कर्म यांच्या विभागाने निर्माण झाल्याचे सांगून शेवटच्या अध्यायात प्रत्येक वर्णाचे कर्म त्याच्या स्वभावातूनच निपजते असे ठरवले. आता या गोष्टीकडे लक्ष द्या. ज्याला वेदना द्यायची त्याच्याच हातून ती घडली असे ठरवले की मारणाऱ्याचा हात दिसेनासा होतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर आपल्या बापजाद्यांना वाक्यातले कर्म करून ठेवले होते. क्रिया त्यांच्यावर घडत होती, आणि विचारले तर सांगत होते की कर्ताही तुम्हीच, फक्त मागच्या जन्मातले.

तथागतांनी हा शब्द टाकून दिला नाही. लोकांच्या तोंडातला शब्द घेऊन त्याचा अर्थ आतून बदलायचा, ही त्यांची रीत. अंगुत्तर निकायात ते भिक्षूंना स्पष्ट सांगतात की चेतनेलाच मी कम्म म्हणतो. आधी मनात हेतू होतो, मग माणूस कायेने, वाचेने, मनाने कृती करतो. म्हणजे कम्म आहुतीत नाही, जन्मात नाही. मनातल्या हेतूत आहे. वासेट्ठ सुत्तात तर जन्माने ब्राह्मण की कम्माने, या वादाचा निकालच आहे: शेती करील तो शेतकरी, कारागिरी करील तो कारागीर, चोरी करील तो चोर. पोटात कोणाच्या वाढला याला किंमत नाही.

परंतु नव्याने दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घरात वाचले जावे असे मला वाटते ते सीवकाशी झालेले संभाषण. संयुत्त निकायात ते आहे. मोळियसीवक नावाचा परिव्राजक येऊन विचारतो की काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, माणसाला जे काही सुख-दुःख होते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच. आपले मत काय? तथागत त्याला तत्त्वज्ञान सांगत नाहीत, एखाद्या वैद्यासारखे उत्तर देतात. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्हींच्या बिघाडाने. काही ऋतू पालटल्याने. काही अंगाची नीट निगा न राखल्याने. काही दुसऱ्याने अचानक इजा केल्याने. आणि काही कम्माच्या विपाकाने. आठ कारणे, आणि कम्म त्यातले आठवे. आणि ही गोष्ट तुला स्वतःलाही कळू शकते, जगालाही मान्य आहे, असे ते सीवकाला सांगतात. जे सगळेच पूर्वकर्मावर लादतात ते स्वतःच्या अनुभवापलीकडे जातात आणि जगात जे सत्य मानले जाते त्याच्याही पलीकडे जातात. त्या आजीच्या वाक्यासमोर हे उत्तर ठेवून पाहा. घाण पाणी हे त्या आठांतले कितवे कारण होते, हे सांगायला भिक्षू लागत नाही.

अंगुत्तर निकायात दुसऱ्या एका ठिकाणी ते तीन मतांना अकर्मण्यतेची मते म्हणतात: सर्व पूर्वकर्माने होते, सर्व ईश्वराने केलेले असते, आणि सर्व विनाकारण होते. त्यांचा मुद्दा साधा होता. सगळे आधीच ठरलेले असेल, तर हे करावे आणि हे करू नये, असे कोणी कोणाला म्हणायचे कशाच्या बळावर? मग खून करणाराही म्हणेल, माझे पूर्वकर्म. आणि तो म्हणतोच! दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा सकाळी शुद्धीवर आला की कपाळाला हात लावून काय म्हणतो, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

यावर कोणी प्रामाणिकपणे विचारील की पाली ग्रंथांत कम्माच्या विपाकाच्या आणि पुढच्या जन्मांच्या कथा नाहीत काय? आहेत, पुष्कळ आहेत. ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच निकायांत असेही सांगितले आहे की कम्माचा विपाक हा डोके चालवून थांग लागेल असा विषय नाही. त्याच्या मागे लागणारा भ्रमिष्ट होईल. मग दुसऱ्याच्या दारात बसून, त्याचे मेलेले मूल समोर असताना, "मागचे फेडले" असा निकाल देण्याचा अधिकार कोणाला उरतो?

आता मी जे सांगणार आहे ते काही बंधूंना आवडणार नाही. शब्दाला नशिबाकडे घसरवण्याचा दोष एकट्या ब्राह्मणी ग्रंथांचा असता तर आपले काम सोपे होते. कर्मच्या जागी कम्म म्हटले की झाले. पण ज्या देशांत धम्म शतकानुशतके राहिला तिथेही हा शब्द घसरला आहे. ब्रह्मदेशाच्या भाषेत तो "कं" झाला आणि त्याचा रोजचा अर्थ नशीब; परीक्षेला जाणाऱ्या पोराला शुभेच्छा देताना तिकडे "कं चांगले असो" अशा अर्थाचेच शब्द वापरतात. सिंहलीत "करुमय" म्हणजे दुर्दैव. पण त्याच सिंहलीत कामगाराला "कम्करु" म्हणतात. थाई भाषेतही तेच: "कम्" म्हणजे भोगायचे पाप, आणि "कम्मकोन" म्हणजे मजूर, आपला पालीतला कम्मकर. आपल्या मराठीसारखी तिथेही दोन भावांची दोन घरे झालेली आहेत. श्रमाचा शब्द मजुराकडे राहिला, नशिबाचाही त्याच्याच कपाळी आला.

उत्तरेकडे गेलेल्या धम्माने शब्द उचलला नाही, अर्थ उचलला. तिबेटी भाषेत कम्माला "लस्" म्हणतात, आणि कामालाही तोच शब्द. चिनी पंडितांनी त्यासाठी "ये" हे अक्षर निवडले. हे अक्षर मुळात घंटा-ढोल टांगायच्या खाचा पाडलेल्या फळीचे; पुढे त्याचा अर्थ व्यवसाय, धंदा, मालमत्ता असा वाढत गेला. आज चीनमध्ये शेती, उद्योग, बेकारी या सर्व शब्दांत हे अक्षर आहे. मुलांच्या गृहपाठालाही "झुओये" म्हणतात, त्यातला "ये" तोच. गृहपाठ आणि कम्म एकाच अक्षरात! ही कल्पना मला फार आवडली, म्हणून इथे नोंदवली.

तेच अक्षर जपानात गेले, आणि तिथे जे घडले ते आपण मन घट्ट करून वाचले पाहिजे. जपानात बुराकू म्हणून ओळखला जाणारा समाज आहे. मेलेली जनावरे उचलणे, कातडी कमावणे, कत्तलखान्यातली कामे ही त्यांची पिढीजात कामे. वस्ती वेगळी, लग्ने वेगळी. कोणत्याही मराठी बौद्धाला त्यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. 1871 साली सरकारने कायद्याने त्यांचा नीच दर्जा रद्द केला. पण समाजाने केला नाही. 1922 च्या मार्चमध्ये क्योतोला त्यांनी "सुइहेइशा" ही आपली संघटना स्थापन केली. नावाचा अर्थ समपातळीवाल्यांची सभा. हे बुराकू लोक बौद्ध विहारांचेच उपासक होते. आणि विहार त्यांना काय सांगत होते? पूर्वजन्मीचे "गो", म्हणजे कम्म. जपानात मृताला विहाराकडून धम्मनाम देण्याची प्रथा आहे. बुराकू मृतांना जी नावे दिली जात त्यांत कित्येकदा जनावर या अर्थाचे अक्षर घातलेले असे, म्हणजे थडगे पाहताच कळावे की हा कोण. एवढेच नव्हे, तर भारतातला "चांडाल" हा शब्द संस्कृत सूत्रांबरोबर चीनमार्गे तिथे पोचून "सेन्दारा" झाला होता, आणि तोही या लोकांना लावण्यात आला. आपल्या पायातला काटा दुसऱ्याच्या पायात मोडावा तसे झाले.

1979 साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या एका जागतिक धर्मपरिषदेत जपानच्या सोतो झेन पंथाच्या एका प्रमुख प्रतिनिधीने आमच्या देशात असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. बुराकू मुक्ती संघटनेने निषेध केला. मग पंथाला आपल्याच विहारांच्या नोंदवह्या आणि थडगी तपासावी लागली, आणि तिथे ती नावे निघाली. पंथाने जाहीर माफी मागितली, नावे बदलण्याचे काम हाती घेतले आणि कम्माची आपली शिकवण पुन्हा तपासली. मला या प्रसंगात दोन्ही गोष्टी दिसतात. धम्माच्या नावाखालीही हा शब्द दगडासारखा फेकता येतो; आणि ज्यांना तो लागला त्यांनी उठून विचारले, तर फेकणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

इंग्रजीतल्या "कर्मा"ची कथा छोटी आहे. थिऑसॉफिस्ट मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो तिकडे पसरवला. आता तिकडचे लोक कोणाची फजिती झाली की हसून म्हणतात, कर्मा! आपल्या शहरांतली मुलेही तिकडून परत आलेला हा शब्द त्याच सुरात वापरू लागली आहेत. त्यात दुष्टाला शासन झाल्याचा आनंद असतो. पण फजिती नेहमी दुष्टांचीच होते असे कोणी पाहिले आहे?

बाबासाहेबांना हा प्रश्न पूर्ण ठाऊक होता. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे प्रश्न त्यांनी सोडवायला घेतले, त्यात आत्मा न मानता कर्म आणि पुनर्जन्म कसा, हा एक आहे. कम्म हे जगाच्या नैतिक व्यवस्थेचे साधन आहे, असे ते मानतात. ती व्यवस्था कोणी ईश्वर चालवत नाही, माणसांची बरी-वाईट कृत्ये चालवतात. मागच्या जन्माच्या कर्माने या जन्मीचे दारिद्र्य येते, ही शिकवण मात्र ते तथागतांची मानायला तयार नाहीत. अशा शिकवणीचा उपयोग एकच, गरिबांच्या आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकायची, हे त्यांनी सरळ लिहून ठेवले आहे. आणि आपल्या चळवळीने हा शब्द कोणाच्या नावामागे लावला ते पाहा: काळाराम सत्याग्रहात आणि पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहात पुढे उभे राहिलेल्या दादासाहेब गायकवाडांना लोकांनी कर्मवीर म्हटले. कर्मवीर म्हणजे नशिबाचा वीर, असा अर्थ आजवर कोणी केलेला नाही.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. त्या आईकडे पुन्हा जाणे सोपे नव्हते. महिनाभराने गेलो. सीवकाची गोष्ट मी तिला माझ्या परीने सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे पाणी उकळून दिलं असतं, नायतर विहीर साफ असती, तर वाचलं असतं?"

मी हो म्हणालो.

मग ती जे रडली ते पहिल्या दिवशीही रडली नव्हती. आजी मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "तुमी शिकलेली मानसं. कर्म म्हनलं म्हंजी निदान झोप तरी लागत होती तिला. आता काय दिलंत?" मला उत्तर सुचले नाही, आजही पूर्ण सुचलेले नाही. कर्म या शब्दात खोटेपणा आहे, पण उशीचा मऊपणाही आहे. ज्याच्या घरात दुसरी उशी नाही त्याच्या डोक्याखालची ती ओढून घेताना हात थरथरला पाहिजे. तो थरथरत नसेल तर आपणही पोथीवाल्यांइतकेच कोरडे झालो, असे समजावे. आणि दुसरे असे, की "वाचले असते" हे कळल्यावर आई स्वतःलाच गुन्हेगार समजू लागते. पाणी उकळायला सरपण कोणी दिले होते तिला? विहिरीजवळ गटार तिने खणले होते काय? चेतना म्हणजे कम्म, तर तिची चेतना त्या मुलाला पाणी पाजण्याची होती. हे तिला सांगायला मला त्या दिवशी जमले नाही. नंतर आजींनीच सांगितले, आणि माझ्यापेक्षा बऱ्या शब्दांत सांगितले असावे.

पुढच्या पौर्णिमेला विहारात सिगालोवाद सुत्ताचे वाचन ठरले होते. वाचन संपल्यावर ती आई माझ्याकडे आली आणि विहिरीबद्दल अर्ज करायचा तर तो कोणाच्या नावाने करायचा, असे विचारू लागली. मुलाच्या वहीचा कागद फाडून तिथेच अर्ज लिहिला. पहिली सही तिची, त्याखाली आजींचा अंगठा, मग गल्लीतल्या एकवीस घरांच्या सह्या. विहिरीत आता औषध टाकले जाते. गटार अजून बांधलेले नाही. दुसरा अर्ज परवा दिला.